दुसऱ्या प्रतीचा कापूस

खरेदीच्या हंगामात चिमूटराव डोक्याला तेल लावत नसत. डोक्याचं तेल हाताला, हाताचं कापसाला, आणि मग बोटं खोटं बोलायला लागतात, असं त्यांचं म्हणणं. तेल न लावण्याचा हा नेम त्यांनी बावीस वर्षं डोळ्यांत तेल घालून पाळला होता. त्यापायी हंगामभर त्यांचे पांढरे केस पिंजून ठेवल्यासारखे उभे राहत, आणि बायको दारातून हमखास म्हणे, "निघाले कापूस तपासायला, डोक्यावर नमुना घेऊन."

चिमूटराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. सूतगिरणीत कापसाची पारख करायची त्यांची नोकरी. ढिगातून चिमूटभर कापूस घ्यायचा, ओढून, ताणून, उजेडात धरून बघायचा आणि सांगायचं, पहिली प्रत, दुसरी की तिसरी. तेवढ्या चिमटीवर अख्ख्या ट्रॉलीचं भवितव्य ठरे. म्हणून कुणीतरी कधीतरी हे नाव पाडलं आणि ते असं चिकटलं की खरं नाव पगाराच्या कागदापुरतंच उरलं.

त्या दिवशी सकाळी मात्र बायको केसांवरून काही बोलली नाही. तिला स्वतःलाच घाई होती. दोन डबे शेजारी शेजारी भरता भरता तिने विचारलं, "आज वन्सं येणार ना कापूस घेऊन?"

"येणार."

"घेतील का त्यांचा?"

"कापूस बघून ठरेल."

"तुमच्या तोंडून दुसरं काय निघणार," ती म्हणाली आणि झाकण दाबून बसवलं.

झालं होतं असं. बाहेरच्या देशांतून येणाऱ्या कापसावर सरकार कर घेत असे. लोक त्याला नुसतं ड्यूटी म्हणत. ड्यूटी होती तोवर बाहेरचा कापूस महाग पडे आणि इथल्या कापसाला बरा भाव मिळे. शेतकरी खूश. पण तोच कापूस गिरणीला महाग पडे, मग सूत महाग, कापड महाग, आणि शर्टांच्या ऑर्डरी गुपचूप दुसऱ्या देशाच्या घरी नांदायला जात. गिरणीच्या मागच्या रस्त्यावर शर्ट शिवायचा कारखाना होता. तिथे चिमूटरावांची बायको कॉलर जोडायची. त्या कारखान्याला पाच महिने कुलूप लागलं. मालक लोकांनी अर्ज केले, वर जाऊन भेटले, आणि ऐन वेचणीच्या तोंडावर सरकारने ड्यूटी उठवली. एका सहीने कारखान्याचं कुलूप निघालं आणि त्याच सहीने कापसाचा भाव गडगडला. पेन चांगलंच असणार. एका फटक्यात दोन कामं करणारी वस्तू हल्ली मिळते कुठे?

चिमूटरावांच्या घरात या सहीचे दोन्ही अर्थ एका ताटात वाढलेले होते. बायको तीन आठवड्यांपूर्वी परत कामावर रुजू झाली होती. आणि थोरली बहीण, आक्का, तीस वर्षं कपाशी लावत आली होती.

"मला वाईट वाटतं हो," बायको म्हणाली. पिशवी खांद्याला लावली, तरी ती उंबऱ्यातच उभी राहिली. "मी घरी बसले होते तेव्हा वन्संनी न मागता धान्याची दोन पोती पाठवली. ती मी खाल्ली. आणि आता ज्या कापडाच्या कॉलरी जोडतेय त्याचा कापूस बोटीतून आलेला. त्या समोर आल्या तर कुठे तोंड लपवू?"

"तू काय ड्यूटी उठवलीस?"

"नाही. पण उठली तेव्हा मी पेढ्यासारखं तोंड गोड करून हसले होते. ते आठवतं मला."

चिमूटरावांनी चपला पायात सरकवल्या. हल्ली झोप पुरी व्हायची, पण थकवा आदल्या दिवशीचा तसाच अंगावर असायचा.

गिरणीकडे चालत जाताना ते एकच गोष्ट घोकत होते. ती गोष्ट त्यांनी आजवर कुणालाही सांगितली नव्हती, बायकोलासुद्धा नाही.

गिरणीचा नियम असा की पारख करणाऱ्याला कापूस कुणाचा ते कळता कामा नये. प्रत्येक ट्रॉलीतला नमुना निळ्या कागदात गुंडाळून येई आणि वर फक्त आकडा. आकडा कुणाचा ती यादी वजनकाट्यावरच्या कारकुनाकडे. पारख झाल्यावरच ती उघडायची. नियम चोख होता. पण बोटांना कुठला आलाय नियम? नोकरीच्या पहिल्याच हंगामात एक नमुना हातात घेतला आणि चिमूटरावांना कळलं, हा आक्काचा. लहानपणी याच शेतातल्या कापसाच्या ढिगात दोघं लोळली होती, कारण ते शेत आधी बापाचं होतं आणि मग आक्काच्या वाट्याला आलं. तिचा कापूस लांब, मऊ, आणि ओढताना शेवटच्या क्षणी किंचित अडे. तसा दुसरा कुणाचा अडत नसे.

तो कापूस पहिल्या प्रतीचा होता. त्यात शंकाच नव्हती. पण नवी नोकरी, आणि उद्या यादी उघडली की लोक म्हणणार, बघा, बहिणीला बरोबर पहिली दिली. चिमूटराव नाकासमोर चालणारा माणूस. त्यांनी मन घट्ट केलं आणि लिहिलं, दुसरी. तेव्हा पहिली आणि दुसरीच्या भावात फरक असा कितीसा होता! आक्काचं काही अडलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा नमुना ओळखू आला. पुन्हा दुसरी. एकदा दुसरी दिल्यावर पहिली द्यायची म्हणजे आणखीच डोळ्यांवर येणार. असं करत करत बावीस वर्षं गेली. लाच खाणारे, वशिला लावणारे आजूबाजूला पैशाला पासरी होते. आपण सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही, याचा चिमूटरावांना मनातल्या मनात अभिमानच होता. कुणाला सांगता येत नाही एवढीच खंत.

यंदा मात्र गिरणीच्या फाटकावर पाटी लागली होती. स्थानिक कापूस फक्त पहिल्या प्रतीचा घेतला जाईल. गोदामं बाहेरच्या कापसाच्या गाठींनी छतापर्यंत भरली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रतीचं काम तो स्वस्त कापूस करणार होता. म्हणजे आता पहिली आणि दुसरी यांतलं अंतर चार पैशांचं राहिलं नव्हतं. पहिलीवाला फाटकाच्या आत आणि दुसरीवाला बाहेर, असा सरळ हिशेब झाला होता.

यंदा जे आहे ते लिहायचं, चिमूटराव स्वतःला बजावत होते. उपकार नाहीत, मेहेरबानी नाही. जे हाताला लागेल ते लिहायचं.

फाटकापासून वळणापर्यंत ट्रॉल्यांची रांग होती. एरवी ते रांगेकडे न बघता मागच्या दाराने आत जात. पण आज आक्काने लांबूनच हाक मारली. ती कापसाच्या ढिगावर पाय सोडून बसली होती, हातात चहाचा कप, नाकावर चष्मा. मेहुणे ट्रॅक्टरवर होते. मेहुण्यांचा स्वभाव असा की घर जळत असतं तरी त्यांनी आधी थट्टा केली असती आणि मग पाणी आणलं असतं.

"काय साहेब," मेहुणे मोठ्याने म्हणाले, "आज तरी बहिणीचा कापूस डोळे उघडे ठेवून बघा. नाहीतर उद्यापासून ही मला घेऊन तुमच्याकडेच राहायला येणार आहे."

आजूबाजूच्या ट्रॉल्यांवरचे चारदोन जण हसले. पुढच्या ट्रॉलीवरचा मफलरवाला हसला नाही. त्याने मान वळवून चिमूटरावांना नीट बघून घेतलं.

"तुम्ही गप्प बसा हो," आक्का नवऱ्यावर खेकसली. "त्याला त्याचं काम करू द्या." मग खाली वाकून हळू आवाजात भावाला म्हणाली, "यंदा फार जीव लावलाय रे. तू बघशीलच."

"मला काय कळतंय कुणाचा कोणता ते," चिमूटराव म्हणाले. खोटं बोलताना त्यांचा कान लाल व्हायचा. तो झाला.

"ते खरं. तरी सांगते." तिने कप रिकामा केला. "इथे नाही घेतला तर बाहेर तो व्यापारी उभाच आहे. निम्म्याने मागतो. आणि हे म्हणतात, निम्म्याने द्यायचा असेल तर पुढच्या वर्षी कपाशी नको, शेत कुणाला तरी कसायला देऊन टाकू. यांचा गुडघा गेलाय, त्यांचंही बरोबर आहे. पण मग मी करू काय? मला दुसरं येतं काय?"

"वहिनी कशा आहेत?" मेहुण्यांनी मध्येच विचारलं. "कामाला लागल्या म्हणे. बरं झालं."

त्यांनी हे मनापासून विचारलं होतं. त्यामुळेच ते चिमूटरावांना जास्त लागलं. "हो," म्हणून ते आत गेले.

पारखीची खोली म्हणजे एक लांब काळं टेबल, एक खुर्ची आणि उत्तरेकडची मोठी खिडकी. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, म्हणून खिडकी तिकडे. टेबल काळं, म्हणजे पांढऱ्याचा खरा पांढरेपणा कळावा. बाहेरच्या गाठींची तपासणी करायला गिरणीने मोठं मशीन आणलं होतं, ते शेजारच्या खोलीत घुमत असे. पण सरकीसकट आलेला कापूस मशीन घेत नाही. त्याला अजून बोटंच लागत. त्यामुळे चिमूटरावांची नोकरी टिकून होती. किती दिवस, ते त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलंही नव्हतं.

एकेचाळीस नमुने होते. त्यांनी हात धुतले, कोरडे केले आणि पहिला कागद उलगडला. एक सरकी उचलायची. छोट्या कंगव्याने तिच्यावरचे तंतू दोन्ही बाजूंना विंचरायचे, शाळेत निघालेल्या पोराचा भांग पाडावा तसे. मग लांबी कळते. नंतर चिमूट घेऊन अंगठ्याला अंगठा लावून ओढायची, म्हणजे ताकद कळते. मूठ आवळून सोडली की ओल कळते. पाल्याचे तुकडे, बोंडाची टरफलं, पिवळे डाग डोळ्यांना दिसतात. पहिल्या दहांत दोनच पहिले निघाले. एकात प्लास्टिकच्या पोत्याचे दोरे होते, एक ओला होता. बाकीचे चांगले होते, पण नुसतं चांगलं असून यंदा भागणार नव्हतं. दुसरी, दुसरी, तिसरी, दुसरी. गेल्या वर्षीपर्यंत हे शब्द लिहिताना हात जड होत नसे. आज प्रत्येक वेळी पेन ठेवून बोटं मोडावीशी वाटत होती.

सत्ताविसावा कागद उलगडला आणि बोटांनी मालकीण ओळखली.

चिमूटरावांनी खुर्ची खिडकीजवळ ओढली. सरकी विंचरली. तंतू इतके लांब आले की त्यांनी दुसरी सरकी घेतली, मग तिसरी. चिमूट ओढली. शेवटच्या क्षणी ती अडली आणि मग सुटली. पाल्याचा एक कण नाही. ओल नाही. टेबलावर पसरला तेव्हा काळ्या लाकडावर दूध सांडल्यासारखा दिसला. हा कापूस पहिल्या प्रतीचा आहे, असं म्हणणंसुद्धा त्याच्यावर अन्याय होता. पण पहिलीच्या वर प्रत नव्हती.

त्यांनी लिहिलं, पहिली. शाई वाळेपर्यंत ते त्या शब्दाकडे बघत राहिले. एक साधा खरा शब्द लिहायला आपल्याला बावीस वर्षं लागली, हे त्यांना तेव्हा कळलं, आणि अभिमान वगैरे जे काही होतं त्याची त्यांना लाज वाटली. पुढचे चौदा नमुने त्यांनी भराभर बघितले.

अकराच्या सुमाराला कारकुनाने यादी उघडली आणि भोंग्यावरून आकडे पुकारले. एकेचाळिसांपैकी नऊ पहिले. सत्ताविसाचा पुकारा झाला तेव्हा मेहुण्यांनी ट्रॅक्टरचा हॉर्न तीनदा वाजवला, हे चिमूटरावांना खोलीत बसून ऐकू आलं. त्यांना हसू आलं. त्या दिवसातलं ते एकच.

पाऊण तासाने खरेदीसाहेबांचं बोलावणं आलं.

खरेदीसाहेब म्हणजे गिरणीसाठी कापूस विकत घेणारे अधिकारी. वयाने चिमूटरावांपेक्षा लहान, पण डोळ्यांखालच्या पिशव्यांनी बरोबरीचे. त्यांच्या टेबलावर बाहेरच्या कापसाचे चौकोनी नमुने रचून ठेवले होते, साबणाच्या वड्यांसारखे. कोपऱ्यात मफलरवाला उभा होता. त्याचा कापूस दुसऱ्या प्रतीचा ठरला होता.

"मी काही म्हणत नाही," मफलरवाला म्हणाला आणि बोलत सुटला. "पण सगळ्यांसमोर मेहुणा म्हणतो, डोळे उघडे ठेवा. आणि दोन तासांत बहिणीचा कापूस पहिलीत. आम्ही काय गवत पिकवतो? तिचा कापूस दरवर्षी दुसरीत जातो, माझ्याच मागे-पुढे असते ती रांगेत. यंदाच बरा पहिलीत गेला, फक्त पहिली घेणार म्हटल्यावर."

"तुम्ही बाहेर थांबा," खरेदीसाहेब त्याला म्हणाले. तो गेला. साहेबांनी कपाटातून जुनी रजिस्टरं काढून ठेवलीच होती. प्रत्येकात एकेक चिठ्ठी खुपसलेली.

"बसा. हे बघा." त्यांनी पानं उलटली. "गेल्या वर्षी दुसरी. त्याआधी दुसरी. त्याआधी दुसरी. इथपर्यंत मी बघितलं, पुढे बघायचा कंटाळा आला. सगळीकडे अक्षर तुमचं. एकदाही पहिली नाही, चिमूटराव. आणि आज आहे."

चिमूटरावांनी रजिस्टर जवळ ओढलं. आपल्याच अक्षरातली ती ओळ दरवर्षी आपल्याविरुद्ध साक्ष तयार करत होती, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"साहेब, तो कापूस पहिल्याच प्रतीचा आहे. दरवर्षी होता." आणि मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. नमुना कसा ओळखू येतो, लोक काय म्हणतील म्हणून दुसरी कशी लिहिली, मग ती सवय कशी पडली. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

खरेदीसाहेबांनी उठून दार लावलं.

"हे दुसऱ्या कुणाला बोललात?"

"नाही."

"बोलू नका. म्हणजे तुम्हाला नमुना ओळखता येतो, आणि बावीस वर्षं तुम्ही माहीत असून चुकीची प्रत लिहिलीत. हे बाहेर कळलं तर त्या रांगेतला प्रत्येक जण येऊन म्हणेल, माझीही तशीच लिहिली असेल. काय उत्तर देऊ मी? तुमची नोकरी जाईल ते सोडा. उद्या इथे कुणी कापूसच आणणार नाही."

"तुम्ही स्वतः हात लावून बघा ना."

साहेबांनी निळा कागद उलगडला. त्यांनाही कापूस कळत होता. एकदा ओढून बघितला, पुन्हा एकदा बघितला, आणि कागद हळूच मिटला.

"सुरेख आहे," ते म्हणाले. "मला काय दिसत नाही? पण मला वरून सांगितलंय, इथला कापूस जेवढा कमी घेता येईल तेवढा कमी घ्या. पुढच्या वर्षी ड्यूटी परत बसेल म्हणतात, तोवर बाहेरचा भरून ठेवायचा. एका ट्रॉलीसाठी मी चौकशी ओढवून घेऊ? गेल्या वर्षी ड्यूटी होती तेव्हा आपली गिरणी बंद पडायच्या बेताला आली होती, विसरलात? तेव्हा मी शेतकऱ्यांच्या हातापाया पडत होतो, भाव जरा कमी करा म्हणून. आता ते पडतात. मला दोन्हीचा वीट आलाय." त्यांनी आजचं रजिस्टर पुढे सरकवलं. "जुन्या रजिस्टरांप्रमाणे दुसरीच राहू दे. तुम्हीच दुरुस्त करा. माझ्या हाताने केलं तर तुमच्यावर ठपका येईल."

चिमूटरावांना वाटलं, उठावं, पेन टेबलावर ठेवावं आणि घरी जावं. पण घरी जाऊन तरी काय, आक्काचा कापूस त्याने आत येणार नव्हता. त्यांनी पहिली या शब्दावर रेघ मारली. वर लिहिलं, दुसरी. सही केली. इतक्या वर्षांच्या सरावाचं अक्षर, अगदी वळणदार आलं.

"भोंग्यावरून पुकारू नका," ते म्हणाले. "मी सांगतो जाऊन."

आक्काची ट्रॉली काट्याच्या अलीकडे आली होती. पुढे एकच गाडी. आक्का खाली उतरून साडीला चिकटलेला कापूस वेचून परत ट्रॉलीत टाकत होती. भावाला बघून तिचा चेहरा फुलला, आणि तो जवळ येईपर्यंत विझला. पाठची बहीण असती तर तिला शब्दात सांगावं लागलं असतं. थोरल्या बहिणीला चाल बघूनच कळतं.

"प्रत फिरवली?" तिने विचारलं.

"हो."

"दुसरी?"

चिमूटरावांनी मान डोलावली. मेहुण्यांनी ट्रॅक्टर बंद केला. थट्टा न करता ते खाली उतरले आणि सुटलेली ताडपत्री बांधायला लागले. एका पायावर भार देत, एकेक गाठ.

आक्का रागावली नाही. तिने चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला. "एक सांगशील?" ती म्हणाली. "तुला कळतं म्हणून विचारते. काय कमी पडतं? दरवर्षी नुसतं दुसरी म्हणून सांगतात, कमी काय पडलं ते कुणी सांगत नाही. दव सुकल्याशिवाय मी बोंडाला हात लावू देत नाही. पोती कापडाची शिवली. बियाणं तीनदा बदललं. पुढच्या वर्षी लावायची नाही हे ठरलंच आता. पण कळू तर दे."

इथे चिमूटरावांना काहीही सांगता आलं असतं. धागा जरा आखूड आहे म्हणता आलं असतं. जमीन थकली म्हणता आलं असतं. ती ऐकून घरी गेली असती. साहेबांनी तर तोंड बंद ठेवायला बजावलंच होतं. पण त्यांच्यात आता खोटं उचलायचं बळ उरलं नव्हतं.

"काही कमी पडत नाही आक्का. तुझा कापूस पहिल्या प्रतीचा आहे. पहिल्यापासून आहे. मला हाताला कळायचा तुझा. बहीण म्हणून पहिली दिली असं लोक म्हणतील, या भीतीने मी दरवर्षी दुसरी लिहिली. आज खरं लिहिलं, तर जुनी रजिस्टरं काढून त्यांनी मला खोटं पाडलं."

ताडपत्रीवरचा मेहुण्यांचा हात थांबला. मागच्या ट्रॉलीवाल्याने हॉर्न दिला. कुणी वळून बघितलं नाही.

"दरवर्षी?" आक्का म्हणाली.

"दरवर्षी."

ती ट्रॉलीच्या चाकाला टेकली. चिमूटराव शिव्यांची वाट बघत होते. तिने दोन लगावल्या असत्या तरी त्यांना बरंच वाटलं असतं. पण ती त्यांच्याकडे बघतच नव्हती.

"आमची सासू," ती म्हणाली, "माझ्याबरोबर वेचायला यायची. हात कसला चालायचा म्हातारीचा. पण दिसायचं कमी. सलग पाच वर्षं दुसरी आली तेव्हा मला वाटलं, हिच्याच हातून पाला येतो. मी तिला सांगितलं, उद्यापासून शेतात यायचं नाही. तुमच्यामुळे आपला कापूस खाली जातो, असं तोंडावर बोलले तिला. तरी रोज सकाळी कमरेला फडकं बांधून दारात बसायची. आज नेशील का, म्हणायची. एकच ओळ वेचते, म्हणायची. दहा-बारा वर्षं बसली तशी. मी नेली नाही."

"आक्का..."

"जायच्या दोन दिवस आधी मला जवळ बोलावलं. म्हणाली, मी गेले की तुझा कापूस पहिलीत जाईल बघ. ती गेली. त्या वर्षीही दुसरीच आली. मग मी हा चष्मा केला."

मेहुणे पाठमोरे होते. त्यांची आई ती. ते ताडपत्रीची बांधलेली गाठ सोडत होते आणि परत बांधत होते.

"चुकलं माझं," चिमूटराव म्हणाले. "आक्का, फार चुकलं."

"हो, चुकलं," ती म्हणाली. चाकावरचा हात काढून तिने ट्रॉलीची कडी धरली आणि वर चढण्यासाठी पाय ठेवला. "तुझं चुकलं ते तू येऊन मला सांगितलंस. मी माझं आता कुणाला सांगू?"